पेटी, पत्ता आणि चार वर्षे
(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



समितीने आम्हां दोघा नवरा-बायकोला मिळून बोलायला सांगितले. माईक एकच आहे, तेव्हा बोलणार एक आणि मधे मधे टोकणार दुसरी. म्हणून सगळीकडे 'आम्ही' म्हणतो, ते मोठेपणा म्हणून समजू नका.

विषय दिला आहे सैनिकाच्या घराचा. सकाळी साडेचार-पाचला आपल्या वस्तीतली दहा-पंधरा पोरं मैदानाला चकरा मारतात, हे तुम्ही पाहताच. त्यांच्या आया आम्हांला किराणा दुकानात, नळावर, रेशनच्या रांगेत गाठतात आणि विचारतात, "बाई, तुमच्या पोराचं कसं झालं? काय काय लागते? पोरगं राहील का तिथं?" प्रत्येकीला अर्धंच सांगून होते, तेवढ्यात दूध उतू जाते नाहीतर नंबर लागतो. आज सगळ्यांना एकदाच सांगू असे ठरवले आहे.

आपल्या समाजाचे आणि पलटणीचे नाते नवे नाही. सुभेदार रामजी सकपाळ पलटणीत होते, पलटणीच्या शाळेत शिकवत होते, आणि बाबासाहेबांचा जन्म १८९१ साली महूच्या छावणीत झाला, हे इथे लहान लेकरालाही पाठ आहे. पुढे १८९२ च्या सुमारास इंग्रज सरकारने महारांची भरतीच बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज केला, १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी केला. १९१७ साली पहिल्या महायुद्धाची गरज म्हणून एक महार पलटण उभी केली आणि १९२१ ला मोडून टाकली. शेवटी बाबासाहेबांच्या प्रयत्नांनंतर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. आमच्या घरातले चुलत आजोबा त्या रेजिमेंटमध्ये होते. त्यांचा पितळी बॅज आजही आमच्याकडे आहे, दोन मशिनगनी एकमेकींवर आडव्या ठेवलेल्या. जुन्या लोकांसाठी पलटण म्हणजे नुसती नोकरी नव्हती. पायात बूट, लेकरांना शाळा आणि पेन्शन, हे तिन्ही एका दारातून घरात आले होते. आज तेच दार वेगळ्या अटींवर उघडते, म्हणून जुन्या आठवणींवर पोराला पाठवू नका, आजच्या अटी वाचून पाठवा. त्याबद्दल पुढे सांगतो.

आमचा मुलगा बारावी झाला आणि २०२३ साली अग्निवीर म्हणून भरतीला बसला. त्या वर्षापासून पद्धत बदलली होती. आधी ऑनलाइन परीक्षा, त्यात पास झाला तरच मेळाव्याला बोलावणे. आम्हांला वाटत होते पोरगं पळते चांगले, झाले काम. पण पळणे नंतर आले, आधी गणित आणि सामान्य ज्ञान आले. मेळाव्यात १६०० मीटर धावणे, म्हणजे मोठ्या मैदानाच्या चार चकरा. तेव्हा साडेपाच मिनिटांत आला तर ६० गुण होते, त्यानंतर पावणेसहापर्यंत आला तर ४८, आणि त्याच्याही पुढे गेला तर घरी पाठवत. मग बीम, दहा काढले तर ४० गुण. नऊ फुटांचा खड्डा, वाकड्या पट्टीवरून चालणे. हे सगळे पहाटेच्या अंधारात, रात्रभर रस्त्याच्या कडेला पेपर अंथरून झोपल्यावर.

याच काळात एक गृहस्थ घरी आला. गाडी चांगली, बोलणे गोड. म्हणाला, "मेडिकलमध्ये आपली ओळख आहे, तीन लाखांत काम होते, अर्धे आधी." आम्ही त्याला चहा पाजला आणि वाटेला लावले. तो दुसऱ्या गल्लीतही गेला होता, हे नंतर कळले. भरतीत पैसा लागत नाही, हे आम्ही आज छाती ठोकून सांगतो, कारण आमचा लागला नाही. लागला तो फक्त झेरॉक्सचा आणि पासपोर्ट फोटोंचा, आणि तोही थोडाथोडका नाही!

कागदांचे मात्र नीट ऐका. हा भाग रुक्ष आहे, पण पोरं धावण्यात नापास होतात त्यापेक्षा घरचे लोक कागदात जास्त अडकतात असे आमचे मत झाले आहे. अधिवास, जातीचा दाखला, शाळेची टी.सी., चारित्र्याचा दाखला, अविवाहित असल्याचा दाखला, शिवाय पोलीस पडताळणी. आमच्याकडे घोळ आईच्या नावाचा होता. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक नाव, आधार कार्डावर दुसरे, बँकेत तिसरेच. माहेरचे नाव, सासरचे नाव आणि शाळेच्या बाबूंनी ऐकून लिहिलेले नाव. आपल्या बहुतेक बायांचे असेच आहे. पण पलटणीत भरती होताच पोराच्या नातेवाइकांची यादी तयार होते. तिला ते किंड्रेड रोल म्हणतात. पुढे विमा, रजा, दवाखाना, काही बरेवाईट झाले तर मिळणारा पैसा, सगळे त्या यादीतल्या नावावर चालते. पोरगा सागरला गेल्यावर इथून नाव दुरुस्त करणे म्हणजे तहसील, शाळा आणि वकील असा त्रिकोण होतो. आम्ही जाण्याआधी दीड महिना रोजी पाडून ते केले. तुमचे पोरगं नुसते पळायला लागले असेल तरी आधी आईचे नाव एक करून घ्या.

विम्याच्या कागदावर वारसाचे नाव लिहायचे होते. त्या संध्याकाळी घरात कोणी फारसे बोलले नाही. अठ्ठेचाळीस लाखांचा विमा असतो, त्याचा हप्ता जवानाला भरावा लागत नाही. आकडा मोठा आहे, पण तो कशाचा आहे हे आईला सांगावे लागत नाही. पोरगाच म्हणाला, "आईचंच नाव टाकतो, बाबाच्या हाती पैसा टिकत नाही." सगळे हसले. तेवढ्यावर विषय संपवला.

नोव्हेंबरमध्ये त्याला सागरला जायचे होते. मध्य प्रदेशातले सागर, तिथे महार रेजिमेंटचे प्रशिक्षण केंद्र आहे. लोखंडी पेटी घेतली, तिच्यावर पांढऱ्या रंगाने नाव लिहिले. आजीने चिवडा आणि करंज्या भरल्या. त्यातले पहिल्या दिवशीच सगळ्या बराकीत वाटून संपले म्हणतात.

मग पंधरा-वीस दिवस काहीच नाही. मोबाईल जमा. हे नव्या घरांनी लक्षात ठेवावे. फोन आला नाही म्हणजे काही वाईट झाले असे नाही. तिथला पहिला नियमच पोराला घरापासून तोडणे हा आहे, आणि दुसऱ्या बाजूने घरालाही पोरापासून तोडले जाते, त्याचे प्रशिक्षण मात्र कोणी देत नाही. पुढे रविवारी फोन मिळू लागला, दहा मिनिटे. त्या दहा मिनिटांत आजी, आई, बहीण, बाबा असा क्रम. आजी तीन मिनिटे नुसती "जेवला का" विचारण्यात घालवी. शेवटी आम्ही एक वही केली. आठवडाभर जे विचारायचे ते त्यात लिहायचे आणि रविवारी वाचून विचारायचे.

तो जे सांगे ते असे. पहाटे चारला उठणे, बिस्तर लावणे, दाढी रोज, मिसरूड असो की नसो. मग पी.टी., मग ड्रिल, मग वर्ग, मग रायफल उघडणे-जोडणे, संध्याकाळी खेळ, रात्री हजेरी. शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. एकाची चूक झाली की सगळ्या सेक्शनला रगडा. रगडा म्हणजे शिक्षा, जमिनीवर कोलांट्या, कोपरावर रांगणे. आजीने एकदा विचारले, "लंगरात कोणी जात विचारते का रे?" तो म्हणाला, "आजी, उस्ताद फक्त चेस्ट नंबर विचारतात." आजीने हे वाक्य वस्तीत निदान पन्नास जणांना सांगितले असेल. तिने लहानपणी गावच्या विहिरीवर जे पाहिले होते, त्यामुळे तिला या उत्तराची किंमत आमच्यापेक्षा जास्त कळली.

इथे एक गैरसमजही दूर करतो. आपल्यातल्या पुष्कळांना वाटते महार रेजिमेंट म्हणजे फक्त आपली पोरं. तसे नाही. त्याच्या शेजारच्या खाटेवर बंगालचा मुलगा होता, पलीकडे गुजरातचा, समोर उत्तर प्रदेशचा. जनरल कृष्ण राव आणि जनरल सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख याच रेजिमेंटचे. श्रीलंकेत २५ नोव्हेंबर १९८७ ला वीरमरण आलेले आणि परमवीर चक्र मिळालेले मेजर रामस्वामी परमेश्वरन याच रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे. नाव आपले आहे आणि घर सर्वांचे आहे. आम्हांला तर त्यात जास्तच अभिमान वाटतो.

फेब्रुवारीत एका रविवारी त्याचा आवाज वेगळा लागला. आईने ओळखले. खोदून विचारल्यावर म्हणाला, नडगी दुखते, रात्री जास्त दुखते. नव्या रंगरूटांना हे होते. बुटात रोज धावून धावून हाडाला बारीक चीर जाते. पण पोरं सांगत नाहीत, कारण दवाखान्यात फार दिवस गेले तर मागच्या तुकडीत टाकतात, सोबतचे पुढे निघून जातात. वस्तीतल्या एका जाणत्या माणसाने आम्हांला सल्ला दिला, "सांगू नका म्हणावं, दाबून काढ दोन महिने." आम्ही दोघांनी रात्रभर विचार केला. एकीकडे सात महिन्यांची मेहनत, दुसरीकडे पाय. पुढच्या रविवारची वाट न पाहता कंपनीच्या नंबरवर निरोप ठेवला आणि त्याचा फोन आल्यावर स्पष्ट सांगितले, "उस्तादांना सांग. तुकडी मागची मिळाली तरी चालते, पाय मागून मिळत नाही." तो आमच्यावर चिडला. फोन ठेवताना जयभीमही म्हणाला नाही.

एक्स-रे झाला, चीर सुरुवातीची निघाली. तीन आठवडे हलकी ड्युटी मिळाली. त्या तीन आठवड्यांत त्याने रायफलचे आणि नकाशाचे सगळे तोंडपाठ केले, आणि नशिबाने तुकडी सुटली नाही. त्याच्यासोबतच्या एका मुलाने दुखणे दाबले, त्याचे हाड पुढे पूर्ण मोडले आणि तो कितीतरी महिने मागे पडला. मैदानावर पळणाऱ्या पोरांनो, हे तुमच्यासाठी. डांबरी रस्त्यावर पळू नका, मातीवर पळा, आणि जुन्या झिजल्या बुटात पळू नका.

एकूण एकतीस आठवडे झाले आणि २०२४ च्या जूनमध्ये कसम परेड ठरली. आईबापांना बोलावणे आले. नागपूरहून सिवनी, लखनादौन, नरसिंहपूर मार्गे रात्रभराच्या बसने आम्ही चौघे गेलो. ऊन असे की टोपीखाली मेंदू शिजावा. शेकडो पोरं एकसारखी, एकच चाल, आमचा कोणता हे ओळखू येईना. आई म्हणते मी ओळखला, चालण्यावरून. खरे-खोटे तिलाच माहीत.

पण त्या परेडमधली एक गोष्ट आम्हांला या विहारात मुद्दाम सांगायची आहे. जवान शपथ घेतो ती भारताच्या संविधानाशी एकनिष्ठ राहण्याची. जमिनीवरून, समुद्रावरून, आकाशातून, जिथे हुकूम होईल तिथे जाईन, जीव धोक्यात आला तरी. ही शपथ ईश्वराच्या नावाने घेता येते, तशी गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करूनही घेता येते. घरात भिंतीवर ज्याची तसबीर आहे त्या माणसाने ज्याचा मसुदा घडवला, त्या ग्रंथासाठी आपले एकोणीस वर्षांचे पोर जीव देण्याचे वचन देते आहे, हे कानांनी ऐकताना काय वाटते ते आम्हांला सांगता येणार नाही. परेडनंतर आईबापांच्या छातीवर गौरव पदक लावले. मग बडाखाना झाला.

काही उपासकांनी आम्हांला विचारले होते की पाणातिपाताचे शील घेणाऱ्या घरातले पोर बंदूक कसे धरते. प्रश्न खोटा नाही. आम्ही तो भंतेजींना विचारला. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. वैशालीचा सिंह सेनापती भगवंतांचा उपासक झाला तरी त्रिपिटकात तो सेनापती म्हणूनच ओळखला जातो. आणि बिंबिसार राजाचे सैनिक नोकरी टाकून भिक्खू होऊ लागले तेव्हा भगवंतांनी नियम केला की राजसेवेत असलेल्याला प्रव्रज्या देऊ नये. यावरून ज्याने त्याने विचार करावा, असे म्हणून भंतेजी थांबले. आमचा विचार अजून चालू आहे. पोरगा सुट्टीत आला की पहिले विहारात येऊन पंचशील घेतो, एवढे मात्र आम्ही पाहतो.

पहिल्या सुट्टीचे सांगायचे तर आमच्या घरात एक पाहुणा आला होता. चारला उठून बसायचा. पाच मिनिटांत ताट रिकामे. बहिणीची चादर विस्कटलेली दिसली तर घडी घालून ठेवायचा. बापाने हाक मारली तर "जी साब" निघायचे तोंडातून, आणि मग स्वतःच लाजायचा. मराठी बोलता बोलता हिंदी. आईने त्याच्या आवडीची सावजी रश्शाची भाजी केली तर म्हणे, "तिखट सोसत नाही आता." आई त्या रात्री स्वयंपाकघरात उगीच भांडी घासत बसली. हे चार-सहा दिवसच राहते. मग गल्लीत मित्र भेटतात, झोप लांबते, आणि पोरगा थोडा थोडा परत येतो. पुरता येत नाही.

त्यानंतर पोस्टिंग. गाव सांगत नाहीत. पत्ता म्हणजे नंबर, युनिट आणि 'मार्फत ५६ एपीओ'. आजीला वाटे ५६ एपीओ हे गावाचेच नाव. एका बाईला तिने सांगितलेही, "छप्पनला आहे तो."

गेल्या वर्षांमधला सगळ्यात जड काळ म्हणजे २०२५ चा मे महिना. २२ एप्रिलला पहलगामला सव्वीस माणसे मारली गेली. ७ मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूर झाले. ६ तारखेला त्याचा एका ओळीचा निरोप होता, "नेट नसेल, काळजी नको." त्यानंतर फोन बंद. टी.व्ही.वर रात्रभर जे चालले होते ते आठवा. हे शहर पडले, ते बंदर जळाले. त्यातले किती खोटे होते ते पुढे सर्वांना कळले. दुसऱ्या रात्री आईने उठून केबलची वायरच काढली. ज्यांच्या घरचे कोणी तिथे नाही त्यांना ते मॅचसारखे वाटत होते, शेजारच्या गल्लीत फटाकेही वाजले. आम्ही त्यांच्यावर रागावलो नाही, पण दार लावून घेतले. १० मेला गोळीबार थांबल्याचे जाहीर झाले, तरी फोन १५ तारखेला आला. नऊ दिवस. त्या नऊ दिवसांत महिला मंडळाच्या बाया रोज संध्याकाळी घरी येऊन बसत. कोणी समजूत घालत नव्हते, भाजी निवडत, आजीच्या पायाला तेल लावत. त्याची परतफेड कशी करायची हे आम्हांला माहीत नाही. फोनवर तो म्हणाला, "बरा आहो. आंबे आले का?" एवढेच.

आता अटींचे, कारण मघाशी म्हटले होते सांगतो म्हणून. तो भरती झाला तेव्हाच्या अटी सांगतो. तुमचे पोर जाईल तेव्हा नवी जाहिरात वाचूनच पुढे जा. नोकरी चार वर्षांची. पहिल्या वर्षी पगार ३०,००० रुपये, त्यातले ९,००० सेवा निधीत कापून हाती २१,००० येतात. चौथ्या वर्षी ४०,००० आणि हाती २८,०००. जितके कापले तितकेच सरकार टाकते, आणि चार वर्षांनी व्याजासह अकरा लाख ७१ हजारांच्या आसपास मिळतील असे तेव्हा सांगितले होते. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त शंभरातले पंचवीस जण कायम होतात. बाकीच्यांसाठी केंद्राच्या निमलष्करी दलांत दहा टक्के जागा राखीव ठेवल्याचे २०२२ साली जाहीर झाले. पण जागा राखीव असणे आणि जागा मिळणे यातले अंतर आपल्या समाजाइतके कोणाला माहीत आहे?

आमच्या पोराची चार वर्षे २०२७ च्या अखेरीस भरतात. तो पंचवीसमध्ये बसेल की पंच्याहत्तरमध्ये, हे आम्हांला ठाऊक नाही, त्यालाही नाही. एकाच बराकीत जेवणारी चार पोरं, त्यातल्या तिघांना परत यायचे आहे हे प्रत्येकाला माहीत असते. तरी एकमेकांना पाठीवर घेऊन पळायचे असते. आजोबांच्या काळात हे ओझे नव्हते, आम्हांला ते बरोबर वाटत नाही, आणि हे बोलण्यात देशप्रेम कमी होते असेही वाटत नाही.

घरात त्या पैशावरून वाद झाला, तोही सांगतो. आजीचे म्हणणे स्लॅब टाका. मामाचे म्हणणे बहिणीचे लग्न उरकून टाका. आम्ही दोघांनी ठरवले की त्या रकमेचा घरात कोणी उच्चार करायचा नाही. ती त्याच्या पंचविशीची भाकर आहे. त्याने इग्नूमध्ये नाव घातले आहे. अग्निवीरांसाठी तिथे अशी पदवी आहे जिच्यात निम्मे गुणांक नोकरीतल्या प्रशिक्षणाचेच धरतात. पुस्तके मोबाईलवर वाचतो, जिथे नेट लागते तिथे. बहीण म्हणाली, "माझं लग्न माझ्या नोकरीनंतर, दादाच्या पैशानं नाही." ती नर्सिंगला आहे.

वेळ झाल्याची चिठ्ठी अध्यक्षांनी पाठवली आहे. शेवटचे एवढेच, की ज्यांच्या पोरांना या भरतीला बसायचे आहे त्यांनी येत्या रविवारी वंदनेनंतर आधार कार्ड, दहावीची गुणपत्रिका आणि आईच्या बँकेचे पासबुक घेऊन विहाराच्या मागच्या खोलीत यावे. तिन्हींवरची नावे आम्ही जुळवून पाहू. मुलीलाही बस म्हणायचे असेल तर तिलाही आणा, मिलिटरी पोलिसांत मुली घेतात. येताना झेरॉक्स आणू नका, अस्सल कागद आणा.

जयभीम. नमो बुद्धाय.